अंतरा ऐकू आला म्हणजे काहीतरी चुकतंय: ‘पर्सोना’चं संगीत आणि लढाई

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऑफिसात किंवा लेक्चरमध्ये इअरफोन घालता येत नाहीत, त्यांच्यासाठी. माझं अडखळणं आणि दर वाक्यातलं ‘म्हणजे’ कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर एका मित्राची व्हॉइस नोट आली. तो म्हणाला, “दादा, तू सारखा पर्सोना पर्सोना करतोस म्हणून यूट्यूबवर बघितलं. लढाई सुरू झाली की एक गाणं. दुसरी लढाई, परत तेच गाणं. ऐंशी तास हे सहन कसं करतोस? आणि शत्रू समोर उभा राहून शांतपणे आपल्या टर्नची वाट बघतो, ही कसली लढाई?”

प्रश्न दोन आहेत. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे. मला ते मिळालं माझ्या बाबांकडून, आणि त्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही.

म्यूटवरचे तीन आठवडे

जून २०२०. लॉकडाऊन. त्याच महिन्यात ‘पर्सोना ४ गोल्डन’ स्टीमवर आला. मूळ गेम २००८चा, प्लेस्टेशन २वरचा, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर आरामात चालायचा. घर वन बीएचके, बाबांची नाइट शिफ्ट. ते दिवसा झोपायचे, मी हॉलमध्ये काम करायचो आणि काम संपलं की तिथेच खेळायचो. इअरफोनची एक बाजू गेलेली, दुकानं बंद. मग काय, आवाज म्यूट.

तीन आठवडे मी तो गेम तसा खेळलो आणि वाईट खेळलो. लढाई आली की नुसतं अटॅक, अटॅक, अटॅक. गेममध्ये ‘रश’ नावाची सोय आहे. ती लावली की सगळे आपोआप मारत सुटतात. मी ती लावून मोबाइल बघत बसायचो. मधेच हीरो मरायचा. या मालिकेत बाकीचे तीन जण ठणठणीत असले तरी हीरो मेला की गेम ओव्हर. मी शिव्या घालायचो आणि पुन्हा तेच करायचो.

इअरफोन आल्यावर पण गोष्ट लगेच बदलली नाही. बदलली ती एका रविवारी. बाबांना सुट्टी होती, ते स्वयंपाकघरात चहा करत होते, म्हणून मी स्पीकर चालू ठेवला होता. एका साध्या लढाईत मी अडकलो. बाबा कप घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “अरे, आज अंतऱ्यापर्यंत गेलास की! एरवी मुखड्यातच थांबतं तुझं गाणं.”

मी विचार केला, खरंच की. लढाई नीट चालली तर गाणं मुखड्यातच तुटतं. अंतरा ऐकू यायला लागला म्हणजे मी कुठेतरी चुकतोय.

लढाई म्हणजे रांग मोडणं

आता ही लढाई चालते कशी ते बघू. पर्सोना ही अॅटलस कंपनीची मालिका, ‘मेगामी टेन्सेई’ या जुन्या मालिकेची शाखा. पहिला पर्सोना १९९६चा. पण आज आपण ज्या लढाईला पर्सोनाची लढाई म्हणतो, ती २००६च्या ‘पर्सोना ३’पासूनची.

मूळ नियम एका ओळीचा आहे. शत्रूच्या कमजोरीवर मारलंत तर तो खाली पडतो आणि मारणाऱ्याला एक जादा चाल मिळते. गेममध्ये याला ‘वन मोअर’ म्हणतात.

उदाहरण घ्या. चौथ्या भागात हीरोची सुरुवातीची शक्ती इझानागी. तो वीज टाकतो, पण स्वतः वाऱ्याला कमजोर. योसुके वारा सोडतो, विजेला कमजोर. चिए बर्फ वापरते, आगीला कमजोर. युकिको आग वापरते, बर्फाला कमजोर. म्हणजे प्रत्येकाच्या ताकदीसोबत एक भोक दिलेलंच आहे.

समोर तीन शत्रू आहेत. एक विजेला कच्चा, एक वाऱ्याला, एक बर्फाला. हीरोने पहिल्याला वीज मारली. तो पडला, जादा चाल मिळाली. आता पडलेल्यालाच बडवत बसण्यात फायदा नाही, उभा असलेला गाठायचा. हीरोचं खास म्हणजे तो एकटाच अनेक पर्सोना बाळगतो. जादा चालीत पर्सोना बदलायचा, वारा सोडायचा, दुसरा आडवा. पुन्हा जादा चाल. पुन्हा कमजोरी गाठली की तिसराही आडवा. सगळे पडले की ‘ऑल-आउट अटॅक’: चौघं मिळून तुटून पडतात, धुरळा उडतो, लढाई संपते.

बघा, शत्रूने काय केलं? काहीच नाही. त्याला टर्न मिळालाच नाही. “शत्रू वाट बघत उभा राहतो” हे बरोबर आहे, पण त्याला वाट बघायला लावणं हाच तर खेळ आहे! क्रिकेटमध्ये स्ट्राइक आपल्याकडेच राहील अशा बेताने शेवटच्या चेंडूवर एक धाव काढतात ना, तसं.

आणि हाच नियम उलटाही लागू आहे. शत्रूने तुमच्या योसुकेला वीज मारली की योसुके खाली आणि जादा चाल शत्रूला. म्हणून ‘गार्ड’ हे बटण महत्त्वाचं. गार्ड घेतलेला माणूस कमजोरीवर मार बसला तरी पडत नाही. मी तीन आठवड्यांत ते बटण एकदाही दाबलं नव्हतं.

या नियमाचा थोरला भाऊ आहे २००३च्या ‘शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न’मध्ये. तिथे तुमच्या चालींची चिन्हं वर दिसतात. कमजोरी गाठली तर अर्धंच चिन्ह खर्च होतं. वार हुकला तर दोन जातात. शत्रूने वार परतवला किंवा शोषून घेतला तर सगळीच गेली. पर्सोनाने हे हिशेब सोपे केले आणि २०१६च्या ‘पर्सोना ५’मध्ये त्यात ‘बॅटन पास’ आणला: मिळालेली जादा चाल मित्राच्या हातात द्यायची, आणि त्याचा वार जास्त जोरात बसतो.

गाणं तुम्हाला काय सांगतं

आता संगीत. पर्सोना ३, ४ आणि ५चा मुख्य संगीतकार शोजी मेगुरो. नॉक्टर्नचं संगीतही त्याचंच. २०२१मध्ये तो अॅटलस सोडून स्वतंत्र झाला. साध्या साध्या लढायांना त्याने गायलेलं गाणं लावलं. त्या काळात हे धाडस होतं. लढाईची धून शेकडो वेळा वाजणार, म्हणून ती सहसा फक्त वाद्यांची असायची. गाण्यातले शब्द डोक्यात अडकतात, आणि अडकलेली गोष्ट लवकर नकोशी होते.

मग पर्सोनात ती नकोशी का होत नाही? माझं उत्तर असं की तुम्ही ती पूर्ण ऐकतच नाही. लढाई तीस-चाळीस सेकंदांत संपते आणि गाणं दर वेळी सुरुवातीपासून लागतं. तुमच्या हाताला एक सवय लागते: सुरावट इथे आली म्हणजे पहिला पडलेला पाहिजे, आवाज लागला म्हणजे सगळे पडलेले पाहिजेत. एरवी बॅकग्राउंड म्हणून सोडून दिलेलं संगीत इथे घड्याळाचं काम करतं.

चौथ्या भागाच्या ‘गोल्डन’ आवृत्तीत तर गाणी दोन आहेत. शत्रूला मागून गाठून लढाई सुरू केलीत तर ‘टाइम टू मेक हिस्ट्री’ लागतं. नाहीतर ‘रीच आउट टू द ट्रुथ’. म्हणजे पहिली चाल करण्याआधीच गाणं सांगून टाकतं की सुरुवात कशी झालीय. तीन आठवडे म्यूटवर खेळलेल्या मला दुसरं गाणं आहे हेच माहीत नव्हतं! पाचव्या भागाच्या ‘रॉयल’मध्ये तेच: दबा धरून हल्ला केलात तर ‘टेक ओव्हर’, एरवी ‘लास्ट सरप्राइज’. २०२४च्या ‘पर्सोना ३ रीलोड’मध्येही जुन्या ‘मास डिस्ट्रक्शन’च्या जोडीला असं नवं गाणं दिलंय.

मोठ्या शत्रूंच्या लढाया वेगळ्या. तिथे जादा चालींची माळ सहसा लागत नाही. आपली ताकद वाढवायची, त्याची कमी करायची, कधी मारायचं आणि कधी गार्ड घ्यायचं हे ठरवायचं. वीस मिनिटं सहज जातात, म्हणून संगीतही लांब पल्ल्याचं. चौथ्या भागात अशा लढायांना ‘आय’ल फेस मायसेल्फ’ची वाद्यांवरची आवृत्ती वाजते. तिथला शत्रू म्हणजे तुमच्या मित्राच्याच मनाचा नाकारलेला भाग. लढाई संपते, मित्र त्याला “हो, तू मीच आहेस” म्हणून जवळ करतो, आणि तोच भाग त्याचा पर्सोना होतो. लढाईतली ती धून गेममध्ये शांत रूपातही येते. सूर तोच, फक्त भांडण मिटलेलं. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप बाजूला ठेवून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

एक लढाई, एक संध्याकाळ

तरी कुणी विचारेल, लढाई चाळीस सेकंदांत संपली काय आणि दोन मिनिटांत संपली काय, फरक काय पडतो? फरक कॅलेंडरमध्ये पडतो.

गेममध्ये तुम्ही शाळकरी मुलगा आहात आणि दिवस मोजके आहेत. शाळा सुटल्यावर एक काम करता येतं: मित्राला भेटा, क्लबला जा, किंवा टीव्हीच्या आतल्या जगात लढायला जा. तिथे अडकलेल्या माणसाला धुकं पडायच्या आत सोडवलं नाही तर गेम ओव्हर. म्हणून रोज हवामानाचा अंदाज बघायचा. तिकडे जादूसाठी लागणारे एसपी संपले की परत फिरावं लागतं. एक कोल्हा एसपी भरून देतो, पण पैसे भरपूर घेतो.

म्हणजे लढाई लांबली की मार बसतो, मार बसला की औषधाला एसपी जातात, एसपी गेले की आजचा दिवस वाया, आणि उद्याची संध्याकाळही लढण्यातच. त्या संध्याकाळी जो मित्र भेटला असता तो भेटत नाही. उलट मैत्री वाढली की नवे पर्सोना बनवताना ते जास्त ताकदीचे होतात. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं.

नवे पर्सोना बनतात ‘व्हेल्वेट रूम’मध्ये, दोन जुने एकत्र करून. जगभरच्या देवदेवता त्यात आहेत आणि आपले गणपती-लक्ष्मीसुद्धा. पाचव्या भागात पार्वती आणि शिव एकत्र केले की ‘अर्ध’ मिळतो, म्हणजे आपला अर्धनारीनटेश्वर! हे आईला दाखवलं तर ती म्हणाली, “यात नवीन काय?”

तक्रारही ऐका

सगळंच गोड नाही. मूळ तिसऱ्या भागात साथीदारांना थेट हुकूम देता यायचा नाही, फक्त धोरण सांगायचं. मग ते आपल्या मनाने नको ते करायचे. त्यातला टार्टरस हा मनोरा दोनशेहून जास्त मजल्यांचा, आणि मधले मजले एकसारखे वाटतात. तिथे मुखडासुद्धा कंटाळा आणतो, मान्य.

आणि ऐंशी तास हे ऐंशी तासच आहेत. ऑन-कॉल ड्यूटी करणाऱ्या माझ्यासारख्याला ते मोजून खर्च करावे लागतात. पण ‘रश’ लावून मोबाइल बघत घालवलेले ते तीन आठवडे माझे खरे वाया गेले. मी खेळत नव्हतो, मी लढाया निकालात काढत होतो. आज मोबाइलवरच्या कितीतरी गेम्समध्ये ऑटो आणि दुप्पट वेगाचं बटण असतं. ते दाबायची वेळ आली की मी स्वतःला विचारतो, लढाईच बघायची नसेल तर मी इथे करतोय काय?

तर मित्रा, तुझ्यासाठी एक प्रयोग. पर्सोनाचा कुठलाही भाग मिळाला तर आवाज चालू ठेव, ऑटो बंद ठेव, आणि एकच लक्ष्य धर: मुखड्यात संपवायचं. जमलं नाही तर अंतरा ऐक आणि शोध की कुठल्या चालीला चुकलास.

बाबा आता रिटायर झालेत. मी खेळत असलो की ते आतून अजून विचारतात, “काय रे, अडकलास का?” गाण्यावरून कळतं त्यांना.

भेटू पुढच्या भागात. व्हॉइस नोटा पाठवत राहा, तोपर्यंत काळजी घ्या!