विश्लेषण : प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच पेपरात विद्यार्थी का अडखळतात?

बारावीनंतर बीसीए, बीएस्सी (संगणकशास्त्र) किंवा अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या अनेकांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख प्रथम वर्षाच्या वर्गातच होते. शाळेत गणितात चांगले गुण मिळवणारेही इथे गोंधळतात. काहींना केटी लागते, तर काही जण ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असे ठरवून मोकळे होतात. हा दोष विद्यार्थ्यांच्या बुद्धीचा की शिकवण्याच्या क्रमाचा? जगभरातील संशोधनाचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडते का?

नाही. डेन्मार्कमधील दोन संशोधकांनी २००७ मध्ये विविध देशांतील ६३ शिक्षणसंस्थांकडून माहिती मागवली. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात नापास होणारे आणि तो अर्ध्यावर सोडणारे मिळून सरासरी ३३ टक्के होते. २०१४ मध्ये १५ देशांतील १६१ अभ्यासक्रमांचा आढावा घेतला गेला, तेव्हाही चित्र जवळपास तेच दिसले. त्याआधी २००१ मध्ये चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना पहिला अभ्यासक्रम संपल्यावर एक साधा कॅल्क्युलेटर तयार करायला सांगण्यात आले. ११० पैकी सरासरी गुण पडले जेमतेम २३. एखाद्या वर्गाची किंवा एखाद्या शिक्षकाची ही अडचण नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

विद्यार्थ्याचे नेमके कुठे अडते?

अगदी पहिल्या पायरीवर. शाळेतल्या बीजगणितात ‘=’ म्हणजे दोन्ही बाजू समान. प्रोग्रॅममध्ये मात्र ही एक आज्ञा असते : उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या नावाच्या डब्यात ठेव. आता तीन ओळी पाहा : अ = ५; ब = अ; अ = ८. शेवटी ब किती? बीजगणिताच्या सवयीने अनेक जण ८ म्हणतात. खरे उत्तर ५, कारण दुसऱ्या ओळीत अ ची त्या क्षणाची किंमत ब मध्ये गेली आणि दोघांचा संबंध तिथेच संपला. ‘क = क + १’ ही ओळ तर गणिताच्या नजरेतून सरळसरळ चुकीची वाटते.

दुसरा गैरसमज आणखी खोल आहे. संगणकाला आपल्या मनातले कळते, असे नवशिक्याला नकळत वाटत असते. डब्याला ‘सर्वातमोठा’ हे नाव दिले की संगणक मोठी संख्या आपोआप तिथे ठेवेल, अशी त्याची अपेक्षा असते. अमेरिकी संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये या समजुतीला ‘सुपरबग’ म्हटले होते. संगणक नावाचा अर्थ लावत नाही, तो सांगितलेली पायरी तेवढी पार पाडतो. हे एकदा पक्के झाले नाही, तर पुढचे सगळे डोक्यावरून जाते.

शिकवण्याचा क्रम कुठे चुकतो?

मूल आधी ऐकते, मग बोलते. आधी वाचते, मग निबंध लिहिते. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात मात्र पहिल्याच आठवड्यात ‘प्रोग्रॅम लिहा’ असा प्रश्न येतो. २००४ मध्ये सात देशांत झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना काहीही लिहायला न सांगता तयार कोड वाचायला दिला आणि उत्तर काय येईल ते विचारले. तिथेही अनेक जण चुकले. ज्याला दुसऱ्याच्या दहा ओळी वाचून त्यांचा माग काढता येत नाही, त्याच्याकडून स्वतःच्या दहा ओळींची अपेक्षा कशी करायची?

आपल्या महाविद्यालयांत याचे रूप ओळखीचे आहे. प्रॅक्टिकलला येणारे प्रोग्रॅम आधीच ठरलेले, ते जर्नलमध्ये उतरवायचे, सबमिशन करायचे आणि परीक्षेला पाठ करून जायचे. १९८० च्या दशकातल्या ‘टर्बो सी’ची निळी स्क्रीन अनेक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे टिकून राहिली, तीही यामुळेच, जर्नलमधला प्रोग्रॅम त्यावर चालत होता. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर तर दुहेरी ओझे असते. कोड नवा आणि चूक सांगणारा संदेश इंग्रजीत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये ध्वनिचित्रफिती उपलब्ध आहेत. अशा मुलांना त्यांचा आधार घेता येतो.

सी ऐवजी पायथन आणली तर?

थोडा फरक पडतो. १९७० च्या दशकातील सी भाषेत एक ओळ छापायलाही कंस, अर्धविराम आणि फाइलींची नावे लागतात; पायथनमध्ये एका ओळीत काम होते. सीबीएसईनेही अकरावी-बारावीला सी प्लस प्लसऐवजी पायथन आणली. मात्र २०१४ च्या त्याच आढाव्यात, भाषा बदलल्याने उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणात मोठा फरक पडल्याचे दिसले नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. अभिराम रानडे यांनी वेगळी वाट काढली. भाषा सी प्लस प्लसच ठेवली. पण ‘सिंपलसीपीपी’ या संचाच्या मदतीने विद्यार्थी सुरुवातीलाच पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन चौकोन, षटकोन काढतो. आज्ञा चुकली की कासव भलतीकडे वळते आणि चूक डोळ्यांना दिसते.

मग उपाय काय?

काही उपायांना खर्च जवळपास नाही. पहिला, प्रोग्रॅम चालवण्याआधी ‘उत्तर काय येईल?’ हे प्रत्येकाने वहीत लिहायचे आणि ओळीगणिक डब्यांतल्या किमतींचा तक्ता मांडायचा. दुसरा, न्यूझीलंडमध्ये २००६ साली पुढे आलेले ‘पार्सन्स कोडे’. यात योग्य प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून देतात आणि विद्यार्थ्याने त्या क्रमाने लावायच्या असतात. कागदाच्या पट्ट्यांवरही हे जमते. तिसरा, शेजाऱ्याशी चर्चा. वर्गात बहुपर्यायी प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने उत्तर नोंदवायचे, शेजाऱ्याला पटवून द्यायचे आणि मग पुन्हा उत्तर द्यायचे. अमेरिकेतील सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संगणकशास्त्राच्या चार विषयांत ही पद्धत वापरल्यावर नापास होण्याचे सरासरी प्रमाण २० वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात या सगळ्याला वेळ लागतो. अभ्यासक्रमातले दोन धडे कमी करण्याची तयारी विद्यापीठांना दाखवावी लागेल.

एआय कोड लिहीत असताना हे शिकायचे कशाला?

२०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये ‘कोडेक्स’ या एआय प्रणालीला प्रथम वर्षाच्या परीक्षेतले प्रश्न सोडवायला दिले. ७१ विद्यार्थ्यांच्या यादीत तिचा क्रमांक १७ वा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले आणि आता जर्नलमधला प्रोग्रॅम मोबाइलवर काही सेकंदांत मिळतो. म्हणजे पाठांतर आणि नक्कल यांची किंमत शून्यावर आली. एआयने दिलेला कोड मात्र बरोबर दिसतो म्हणून बरोबर असतोच असे नाही. तो वाचून कुठली ओळ चुकली हे सांगणारा माणूस लागतोच. ‘वाच, अंदाज बांध, तपास, बदल आणि मग लिही’ हा क्रम म्हणूनच आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. प्रथम वर्षाला अडखळलेल्या विद्यार्थ्याने स्वतःला ‘ढ’ ठरवण्याआधी, आपल्याला लिहायला सांगण्यापूर्वी कुणी वाचायला शिकवले होते का, एवढे विचारून पाहावे. हाच प्रश्न त्याच्या महाविद्यालयालाही विचारायला हवा.