भरलेले क्रीडागृह काय सांगत नाही?

गेल्या उन्हाळी सुट्टीत अकरावीतला एक मुलगा वही घेऊन आमच्याकडे आला. तो संगणकावर 'बझरबीटर' नावाचा बास्केटबॉलचा खेळ खेळतो. या खेळात चेंडू टाकायचा नसतो, संघाचा व्यवस्थापक व्हायचे असते. खेळाडू निवडायचे, त्यांना तयार करायचे आणि पगार द्यायचे. पैशाचा एक मोठा मार्ग म्हणजे आपल्या क्रीडागृहात होणाऱ्या सामन्यांची तिकिटे. खुर्च्या किती बांधायच्या आणि भाव किती ठेवायचा, दोन्ही व्यवस्थापकाच्याच हाती. (स्वीडनमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या 'हॅट्रिक' या फुटबॉलच्या खेळात तिकिटाचे भाव ठरलेले असतात, तेथे प्रश्न उरतो तो फक्त खुर्च्यांचा.)

मुलाची तक्रार अशी : "काका, क्रीडागृह दर सामन्याला पूर्ण भरत होतं, म्हणून कर्ज काढून खुर्च्या वाढवायचा हिशोब मांडलाय. बरोबर आहे ना?" खरे सांगायचे तर आम्हीही प्रथम मान डोलावली. चूक लक्षात यायला संध्याकाळ झाली. ती चूक समजून घेण्यासारखी आहे.

आकडे सोपे करून घेऊ. (ते खेळातले नाहीत, आम्ही सोयीसाठी घेतले आहेत.) समजा, क्रीडागृहात ५००० खुर्च्या आहेत आणि तिकिटाचा भाव ४० रुपये आहे. सर्व तिकिटे खपतात. उत्पन्न २ लाख रुपये. आता ३००० खुर्च्या वाढवल्या आणि त्याही भरल्या, तर सामन्यामागे आणखी १ लाख २० हजार मिळतील. एका खुर्चीचा खर्च ३०० रुपये धरला तर एकूण खर्च ९ लाख. म्हणजे आठ सामन्यांत पैसे वसूल! हिशोबात बेरीज-गुणाकाराची चूक नाही. मग चूक कोठे आहे?

पर्जन्यमापकाची बाटली काठोकाठ भरून ओसंडली, तर पाऊस किती पडला ते कळत नाही. किमान बाटलीएवढा पडला, एवढेच कळते. भरलेल्या क्रीडागृहाचेही तसेच आहे. 'पाच हजार' हा आकडा मागणीचा नाही, खुर्च्यांचा आहे. दारातून किती लोक परत गेले, हे त्यातून कळत नाही. आणि जे आत आले ते आणखी किती पैसे द्यायला तयार होते, हेही कळत नाही.

हे कळावे कसे? भाव थोडा थोडा वाढवून पाहावा. समजा, मागणीचा नियम असा आहे : भाव शून्य असता १२,००० लोक येतील आणि दर रुपयामागे १०० लोक कमी होतील. मग ५००० खुर्च्यांच्या क्रीडागृहात काय होईल?

भाव ४० रु. – मागणी ८०००, विक्री ५०००, उत्पन्न २,००,०००
भाव ६० रु. – मागणी ६०००, विक्री ५०००, उत्पन्न ३,००,०००
भाव ७० रु. – मागणी ५०००, विक्री ५०००, उत्पन्न ३,५०,०००
भाव ८० रु. – मागणी ४०००, विक्री ४०००, उत्पन्न ३,२०,०००

भाव ७० वर नेला की एकही वीट न रचता उत्पन्न दीड लाखाने वाढते. उलट, भाव ४० च ठेवून ८००० खुर्च्या केल्या तर उत्पन्न ३ लाख २० हजार. म्हणजे ९ लाख खर्चूनही आपण ३० हजारांनी मागेच!

खुर्च्या अमर्याद असत्या तर सर्वांत फायद्याचा भाव कोणता? उत्पन्न = भ × (१२,००० – १०० भ). या राशीचा आलेख उलट्या कढईसारखा असतो. भ = ० आणि भ = १२० या दोन्ही टोकांना उत्पन्न शून्य, आणि शिखर बरोबर मध्ये, भ = ६० ला. तेव्हा ६००० लोक येतात आणि उत्पन्न ३ लाख ६० हजार होते. फ्रेंच गणितज्ञ कूर्नो याने १८३८ साली हाच प्रश्न खनिज पाण्याच्या झऱ्याच्या मालकासाठी सोडवला होता. झऱ्याच्या पाण्याला उत्पादनखर्च नाही. बांधून झालेल्या खुर्चीवर आणखी एक प्रेक्षक बसवायलाही जवळजवळ खर्च नाही. म्हणून गणित तेच.

यावरून दिसेल की या संघाला ६००० पेक्षा जास्त खुर्च्या निरुपयोगी आहेत. पाचाच्या सहा हजार केल्या तर ३ लाख रुपये खर्चून सामन्यामागे फक्त १० हजार जास्त मिळतील. वसुलीला ३० सामने लागतील. बझरबीटरमध्ये एका हंगामात साखळीचे ११ सामने आपल्या क्रीडागृहात होतात. म्हणजे जवळजवळ तीन हंगाम थांबावे लागेल.

मग खुर्च्या कधीच वाढवू नयेत का? तसे नाही. संघ जिंकू लागला आणि प्रत्येक भावाला दुप्पट लोक येऊ लागले असे समजा. आता ५००० खुर्च्या ९५ रुपयांनाही भरतात. उत्पन्न ४ लाख ७५ हजार. खुर्च्या ६००० केल्या तर भाव ९० ठेवून ५ लाख ४० हजार मिळतात. सामन्यामागे ६५ हजार जास्त. बांधकामाचे पैसे पाचव्या सामन्यातच वसूल! तेव्हा नियम असा : आधी भाव असा ठेवावा की क्रीडागृह जेमतेम भरेल. त्या भावालाही नव्या खुर्च्यांचा खर्च लवकर निघत असेल, तरच बांधकाम करावे. हा क्रम उलटा करू नये, कारण चुकलेला भाव परत खाली आणता येतो, बांधलेली खुर्ची परत करून पैसे मिळत नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. भाव वाढवला त्याच दिवशी प्रतिस्पर्धी संघ नामांकित असेल, तर गर्दी कशामुळे झाली हे कळणार नाही. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तसेच येथेही करावे.

सर्वांत जास्त उत्पन्न हेच ध्येय मानले, म्हणून हे उत्तर आले. खऱ्या क्लबाला गरीब प्रेक्षकही आत यावा असे वाटत असेल, तर तो जाणूनबुजून भाव कमी ठेवील. ते चूक नाही. फक्त त्याची किंमत किती पडते हे त्याला ठाऊक असावे.

आमच्या मित्राने कर्ज काढले नाही. त्याने भाव टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि दर सामन्याचा आकडा वहीत लिहू लागला. शिक्षकांनी वर्गात हाच प्रश्न द्यावा : ५००० खुर्च्यांसाठी उत्पन्नाचा आलेख काढा. त्याला ७० रुपयांवर एक कोपरा येईल. तो कोपरा का येतो, आणि त्याच्या डावीकडची रेषा सरळ का असते, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.