मागची गल्ली कोणासाठी होती?

बंगळूरला गेलेला मराठी पाहुणा बसवनगुडीत जातोच. मोठा नंदी, गांधी बाजारातली फुलं, विद्यार्थी भवनातला डोसा आणि सावलीतले सरळ, रुंद रस्ते पाहून तो म्हणतो, जुन्या लोकांनी किती विचार करून हे वसवलं! विचार केला होता, यात शंका नाही. त्या विचारात कोण कोण धरलं होतं, हे मात्र घरांच्या मागे गेल्याशिवाय कळत नाही.

पुण्याला १८९७ साली छळणारा प्लेग ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळूरला पोहोचला. जुन्या पेठांतली दाटी कमी करण्याची घाई झाली आणि बसवनगुडी, मल्लेश्वरम या नव्या वसाहतींना वेग आला. उजेड आणि वारा खेळावा, रोगराई पसरू नये, ही रचनेमागची दृष्टी. त्याच नकाशात घरांच्या दोन रांगांच्या मधून, परसदारी, एक अरुंद गल्ली काढलेली होती. तिला कन्झर्व्हन्सी लेन म्हणत. मुंबईच्या जुन्या इमारतींमधली हाउसगल्ली आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल.

‘ही निव्वळ आरोग्याची सोय होती’

अर्धं खरं आहे. तेव्हा टोपलीचे संडास होते. मैला रोज कोणीतरी उचलून न्यायचा, आणि तो पुढच्या दारातून नेणं घरमालकाला चालणारं नव्हतं. म्हणून संडासाचं लहान दार मागच्या गल्लीत उघडायचं. सफाई कामगार तिथूनच येई आणि तिथूनच जाई. त्याचा पाय अंगणात पडत नसे, घरच्यांची आणि त्याची नजरानजरही होत नसे. हे काम दलितांमधल्या ठरावीक जातींच्या माथी होतं, आणि टोपल्या उचलणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या. शिवाशिव पाळा असा फलक कुठे लावण्याची गरजच उरली नाही, कारण ती भिंतीत आणि रस्त्यात आधीच बांधलेली होती. नकाशा काढणाऱ्याच्या मनात द्वेष असेल किंवा नसेल. उद्या सकाळी टोपली घेऊन कोणीतरी येणारच, हे त्याने गृहीत धरलं. मला त्या गृहीतकाचंच भय वाटतं, कारण ते एकदा चुन्या-विटांत गेलं की पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारल्याशिवाय चालू राहतं.

‘फ्लश आला आणि हा विषय संपला’

संपला नाही, जमिनीखाली गेला. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेवर कर्नाटकात १९७० च्या दशकात मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी बंदी आणली. देशाचा कायदा १९९३ चा, आणि अधिक व्यापक कायदा २०१३ चा. पण गटारं आणि सेप्टिक टाक्या बांधताना त्या तुंबल्यावर आत माणूस उतरणार, हे पुन्हा गृहीतच राहिलं. टोपली बायकांच्या वाट्याला होती, गटार पुरुषांच्या वाट्याला आलं. जाती त्याच राहिल्या. २०१३ च्या कायद्यातही एक खोच आहे: ठरवून दिलेली साधनं आणि संरक्षक पोशाख वापरून मैला साफ करणारा माणूस कायद्याच्या ‘हाताने मैला साफ करणारा’ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे हातमोजे दिले की प्रथा कागदावरून नाहीशी होते. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला; २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. या लढ्यात पुढे राहिलेले बेजवाडा विल्सन कर्नाटकातल्याच कोलार सोन्याच्या खाणींच्या गावचे. २०१६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वेगळी रचना शक्य होती का? होती, आणि आपल्याकडेच झाली. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मिळावं म्हणून उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत होईल असा साधा संडास घडवला. त्यांनी सुरुवात उचलणाऱ्या हातांपासून केली, म्हणून त्यांना उत्तरही निराळं सापडलं.

‘यंत्राला कुठे रंग आणि लिंग कळतं?’

भिंतीतलं हे गृहीतक यंत्रातही शिरतं. २०२१ च्या कोरोना लाटेत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज घेतो. त्वचेतलं मेलॅनिन हा प्रकाश शोषतं, आणि यंत्रांची पारख मुख्यतः गोऱ्या त्वचेवर झालेली होती. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात प्राणवायू धोकादायक कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के निघालं. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणालींची जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये तपासणी केली. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तपासणी जाहीर झाल्यावर त्या प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांनी वर्षभरात चुका बऱ्याच कमी केल्या. सुधारणा करता येत होती, आधी कोणी मोजून पाहिलंच नव्हतं.

‘अंगठा लागत नाही, यात यंत्राचा काय दोष?’

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. आधारच्या तंत्राची बरीचशी घडण बंगळूरात झाली. एका टोकाला संगणक अभियंता, दुसऱ्या टोकाला शेतमजूर. यंत्र बोटावरच्या रेषा वाचतं. ज्याचं काम कळफलकावर चालतं त्याच्या रेषा शाबूत राहतात. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी करणाऱ्यांच्या रेषा झिजतात, म्हाताऱ्यांच्या पुसट होतात. रेशन दुकानात मग ‘अंगठा लागत नाही’ म्हणून बाई परत फिरते, आणि खोट आपल्याच हातात आहे असं समजते. मोबाइलवर येणारा ओटीपी हा दुसरा मार्ग, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) स्वतः वापरते असा फोन देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. बाकीच्या घरांत ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात येतो. आधारसाठी बुबुळांची नोंदही झालेली असते, पण ती वाचणारं यंत्र दुकानात हवं. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राचे आदेश आहेत. दुकानदार ते सांगत नसेल तर आपण सांगायला हवं.

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे वंशभेद नाही’ असंही ऐकू येतं. त्याला उत्तर म्हणून बसवनगुडीची मागची गल्ली पुरेशी आहे. आज अशा गल्ल्यांत दुचाक्या लागतात. मल्लेश्वरमातल्या काही तर भिंती रंगवून फिरण्यासाठी सजवल्या आहेत. सजवायला हरकत नाही, पण ती गल्ली कशासाठी काढली होती हे तिथे लिहिलेलं असावं.

आणि वाचकांना एक सांगणं. तुमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली, तर व्यवस्थापन समितीला यंत्राची गाडी बोलवायला लावा. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ आणि ९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि काम सांगणाऱ्या खासगी माणसालाही ते लागू आहे.