पाटी देवनागरी, नाव इंग्रजी

छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात दुकानाचे नाव बहुधा दोन तुकड्यांचे असते. पहिला तुकडा घरचा: कुलदैवत, आडनाव किंवा लेकीचे नाव. दुसरा धंदा सांगतो आणि तो बहुतेक वेळा इंग्रजी असतो. गुलमंडी, औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत ‘जनरल स्टोअर्स’, ‘मेन्स वेअर’, ‘मेडिकल’, ‘ट्रेडर्स’ असे शब्द पाट्यांवर दिसतात. ‘झेरॉक्स’ हे मुळात एका अमेरिकी कंपनीचे नाव. आता ते कोणत्याही छायाप्रतीच्या दुकानावर चढते. ‘मोबाईल शॉपी’तला ‘शॉपी’ हा ‘शॉप’वरूनच आला आणि महाराष्ट्रात घट्ट रुजला.

या शहराला इतर भाषांतल्या पाट्या नव्या नाहीत. 1948 पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते आणि कारभार उर्दूतून चाले. शहागंज, सिटी चौकात काही पाट्यांवर आजही उर्दू अक्षरे आहेत. सिडकोत तर बाजारच ‘कॅनॉट प्लेस’ झाला. हे नाव दिल्लीचे आणि दिल्लीला ते ड्यूक ऑफ कॅनॉट या ब्रिटिश राजपुत्रावरून मिळालेले.

इंग्रजी शब्द का लागतो? मोबाईल, इलेक्ट्रिकलसारखा माल नावासकटच आला, हे एक कारण. गिऱ्हाईक मराठी, उर्दू, हिंदी बोलणारे, शिवाय वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक. सर्वांना कळेल असा शब्द दुकानदार शोधतो. पण खरे कारण प्रतिष्ठेचे आहे. ‘केशकर्तनालय’ मागे पडून ‘सलून’ आले, मग ‘युनिसेक्स सलून’. शिंपी ‘टेलर’ झाला, आणि ‘बुटीक’ म्हटले की शिलाईचा दरही चढतो.

राज्याने 2022 मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली. मराठी अक्षरे आधी हवीत आणि इतर लिपींपेक्षा लहान नसावीत. व्यापाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. पाट्या बदलल्या, पण ‘मेन्स वेअर’ देवनागरीत लिहिले की काम भागते. अक्षरे मराठी झाली, नाव होते तेच राहिले.

मराठी नाव चालत नाही, ही समजूत मात्र खरी नाही. ‘वस्त्रभांडार’, ‘रसवंती’, ‘खानावळ’ आजही गिऱ्हाईक ओढतात, आणि ‘अमृततुल्य’ने तर चहाच्या धंद्यात गावोगावी जम बसवला आहे. नवे दुकान थाटणाऱ्याने फ्लेक्स छापायला टाकण्याआधी नावाचा दुसरा तुकडाही मराठीत शोधून पाहावा.