पेपर कोणाचा? खाणवाल्याचा!

गोव्यातल्या आमच्या नार्वे गावात सकाळी चहासोबत मराठी पेपर हवाच. पण त्याचा मालक कोण, हे किती जण बघतात?

‘गोमन्तक’ निघाला २४ मार्च १९६२ रोजी, गोव्याच्या मुक्तीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी. मालक चौगुले, पहिले संपादक बा. द. सातोस्कर. ‘नवप्रभा’ १५ ऑगस्ट १९७०ची, धेंप्यांची. दोन्ही घराणी खनिजाच्या धंद्यातली. म्हणजे आपल्या डिचोलीच्या लाल मातीचा आणि अग्रलेखाच्या शाईचा संबंध जुनाच!

पेपरांची खरी जुगलबंदी, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, या जनमत कौलात रंगली. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, तर मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधात. त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ सदर लिहीत. गंमत म्हणजे विलीनीकरणाला विरोध करणारा पेपरही मराठीच! १६ जानेवारी १९६७ला मतदान झालं. पेडणे, डिचोली विलीनीकरणाकडे झुकले, पण एकूण निकाल ३४,०२१ मतांनी उलटा लागला. पेपरांचा जोर होता खरा, पण मतदार काही मालकाच्या खिशात नव्हता.

पुढे ‘गोमन्तक’ सकाळ समूहाकडे गेला. धेंप्यांनी २००९मध्ये खाणव्यवसाय सेसा गोवा कंपनीला विकला. ‘नवप्रभा’ मात्र स्वतःकडेच ठेवली. मला हे फार बोलकं वाटतं.

मालकी शोधायची सोपी युक्ती सांगतो. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६च्या नियमांनी फेब्रुवारी सरल्यावरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ छापायची पद्धत घालून दिली: प्रकाशक, मुद्रक, संपादक, शिवाय एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं. जुने मार्चचे अंक रद्दीत टाकण्याआधी तेवढा चौकोन वाचा.