विश्लेषण : विजयाचा जल्लोष जिवावर का बेततो?

बंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा मृत्यू झाला, ५० हून अधिक जखमी झाले. निमित्त होते रॉयल चॅलेंजर्स बंगळूरु संघाच्या पहिल्या आयपीएल विजेतेपदाचे. मृतांत बहुतेक तरुण होते. बाहेर माणसे दगावल्यानंतरही आतला सोहळा आटोपता का होईना, पार पडला.

नेमके काय घडले?

३ जूनच्या रात्री बंगळूरुने अहमदाबादमध्ये पंजाब किंग्जला ६ धावांनी हरवले. १८व्या हंगामात मिळालेला हा पहिलाच चषक. दुसऱ्याच दिवशी जल्लोष ठरला. सकाळपासून समाजमाध्यमांवर विजययात्रेचे निमंत्रण फिरू लागले. यात्रा होणार नसल्याचे वाहतूक पोलिसांनी नंतर सांगितले, पण तोवर लोक घराबाहेर पडले होते. स्टेडियमची क्षमता सुमारे ३५ हजार. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या म्हणण्यानुसार दोन ते तीन लाख लोक जमले होते.

चेंगराचेंगरीत मृत्यू कशामुळे होतो?

पायदळी तुडवल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण गुदमरून दगावतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसे आली की गर्दी पाण्यासारखी हेलकावू लागते. छातीवर चहूबाजूंनी दाब येतो, श्वास घेता येत नाही. पुढे काय चालले आहे हे मागच्यांना कळत नाही आणि ते ढकलतच राहतात. त्यामुळे ‘लोक बेशिस्त होते’ एवढ्याने या मृत्यूंचे कारण स्पष्ट होत नाही.

हे वेड नवे आहे का?

नाही. १९९६च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात भारत हरणार हे दिसताच ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. २००७च्या विश्वचषकात बांगलादेशकडून हरल्यावर महेंद्रसिंह धोनीच्या रांचीतील बांधकाम सुरू असलेल्या घरावर हल्ला झाला.

मग बदलले काय?

पैसा आणि वेग. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएल प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ही किंमत खेळाइतकीच चाहत्यांच्या वेडाचीही आहे. ते वेड वर्षभर मोबाइलवरून जोपासले जाते. पूर्वी तिकिटांच्या संख्येवरून गर्दीचा अंदाज यायचा. आता एका पोस्टवर काही तासांत लाखो लोक रस्त्यावर येतात. बंदोबस्त मात्र तेवढ्या वेळात उभा राहत नाही.

जबाबदारी कोणाची?

कर्नाटक सरकारने पोलीस आयुक्तांसह काही अधिकाऱ्यांना निलंबित केले. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने मात्र जुलै २०२५ मध्ये, एवढी गर्दी जमण्यास प्रथमदर्शनी संघच जबाबदार असल्याचे मत नोंदवले. पोलीस जादूगार नाहीत, असेही सुनावले.

मुंबईसाठी धडा काय?

टी-ट्वेन्टी विश्वविजेत्या संघाच्या स्वागतासाठी ४ जुलै २०२४ रोजी मरिन ड्राइव्हवर लाखोंची गर्दी उसळली. काहींना रुग्णालयात न्यावे लागले, मोठी दुर्घटना टळली. पण दर वेळी ती टळेलच असे नाही. चाहत्यांना बोलावण्याआधी किती जण येतील, कुठून आत जातील आणि कुठून बाहेर पडतील, याचा हिशेब बोलावणाऱ्यांनी मांडायला हवा. तो होत नसेल तर जल्लोष चार दिवसांनी करता येतो. चषक कुठेही जात नाही.