पंधरा दिवसांची सुई

गेल्या गणपतीत आमच्या मोठ्या जाऊबाईंनी मोदकांची उकड काढली, तेलपाण्याचा हात लावून मळली आणि पहिली पारी करायला बसल्या, त्या तशाच बसून राहिल्या. बोटं मिटेनात. अंगठा दाबला जाईना. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "वहिनी, सुई चालू आहे ना?"

"आहे की," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, सासूबाई ओटीवर गेल्या तेव्हा म्हणाल्या, "पण महिन्यानं घेते. दोनाच्या जागी एक. मुलाची कॉलेजची फी होती गं. आणि बरंही वाटत होतं."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. आपण बायका सगळंच पुरवून पुरवून वापरतो. गॅसचा सिलिंडर, खोबरेल तेल, मुलांच्या वह्या. एका सुईच्या पैशात महिन्याचा किराणा येतो म्हटल्यावर ती सुई लांबवावी असं कोणत्याही गृहिणीच्या मनात येणारच. पण नंतर त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले, कागद वाचले, आणि वहीवर चक्क गणित मांडून पाहिलं. तेव्हा कळलं की या औषधात दोन सुयांमधलं अंतर हादेखील औषधाच्या मात्रेचाच भाग आहे. ते कसं, हे लिहावंसं वाटलं, कारण अशी सुई आता गावोगावच्या घरांत आहे आणि ती घेणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत.

वहिनींना आहे तो आमवात. डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची राखण करणारी शक्ती रोगजंतूंवर तुटून पडायची ती आपल्याच सांध्यांवर उलटते. हा काही श्रीमंतांचा किंवा शहरी आजार नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा साधारण दोनशे प्रौढ माणसांमागे एकाला तो आढळला. म्हणजे आपल्या आळीत एखादी तरी असणारच.

या आजारात टी.एन.एफ. नावाचा एक पदार्थ शरीरात जास्त होतो आणि तो सांध्यांतली सूज पेटती ठेवतो. त्याला अडवलं तर सूज उतरते, हे लंडनमध्ये १९९२ च्या सुमारास रुग्णांवर पाहिलं गेलं. ते काम करणाऱ्या दोघांपैकी एक होते रविंदर मैनी, मूळचे लुधियानाचे. पुढे त्यातूनच अ‍ॅडॅलिमुमॅब हे औषध आलं. २००२ च्या शेवटी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीनं त्याची देशी आवृत्ती काढली, जगातली पहिली, आणि अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाला. तेव्हापासून ही सुई मध्यम घरांच्या आवाक्यात आली. म्हणजे ओढूनताणून आवाक्यात.

गोळी का नाही, सुईच का, असं सासूबाई नेहमी विचारतात. हे औषध म्हणजे एक प्रथिन आहे. तोंडानं घेतलं तर पोट त्याचं तेच करील जे डाळीचं आणि अंड्याचं करतं, म्हणजे पचवून टाकील. म्हणून ते कातडीखालच्या चरबीत टोचायचं, तिथून ते हळूहळू रक्तात उतरतं.

आणि ते हळूहळूच सरतं. इथेच सगळी गोम आहे. डोकेदुखीची गोळी काही तासांत उतरते. हे औषध मात्र अंगात निम्मं व्हायला सरासरी दोन आठवडे लागतात. आमवातासाठी मोठ्या माणसाची नेहमीची मात्रा आहे ४० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा.

आता माझं गणित. सोयीसाठी टोचलेलं सगळं रक्तात गेलं असं धरते. पहिल्या दिवशी ४०. चौदाव्या दिवशी त्यातलं उरलं २०. त्यात नवे ४०, झाले ६०. पुढच्या वेळेला त्याचे निम्मे ३० आणि नवे ४०, झाले ७०. मग ७५. असं होत होत ते ८० च्या आसपास येऊन थांबतं. म्हणजे घडी बसल्यावर पुढची सुई घ्यायच्या आदल्या दिवशीही अंगात ४० च्या जवळपास शिल्लक असते. पहिल्या दोन सुयांत म्हणावा तसा गुण येत नाही म्हणून बायका निराश होतात, त्याचंही एक कारण हेच. माठ अजून भरतोच आहे. काहींना गुण यायला तीन महिनेही लागतात.

आता वहिनींचा हिशेब धरा, दर अठ्ठावीस दिवसांनी एक. अठ्ठावीस दिवसांत निम्म्याचं निम्मं होतं, म्हणजे पावच उरतं. ४० चे १०, त्यात ४०, झाले ५०. पुढे ते ५३ च्या आसपास अडकतं, आणि सुईच्या आदल्या दिवशी शिल्लक राहते ती फक्त १३. सुया केल्या निम्म्या, पण तळाची शिल्लक निम्मी नाही राहिली, एक तृतीयांश झाली! हे आकडे वहिनींना दाखवले तेव्हा त्या वहीकडे बघतच राहिल्या.

बरं, नुकसान तेवढंच नाही. हे प्रथिन शरीराला परकं असतं. ते अंगात सतत पुरेसं असलं तर शरीर निमूट राहण्याची शक्यता जास्त. कधी आहे, कधी नाही असं झालं की त्याच्याविरुद्धच प्रतिद्रव्यं तयार होण्याचा धोका वाढतो. ती एकदा पुरेशी झाली की मग सुई वेळेवर घेतली तरी गुण येत नाही, आणि दुसरं, बहुधा महागच, औषध शोधावं लागतं. वाचवलेल्या सुया अशा महागात पडतात.

याच कारणासाठी डॉक्टर बहुतेकदा सुईच्या जोडीला मेथोट्रेक्झेटची गोळी चालू ठेवतात. तिच्यामुळे ही प्रतिद्रव्यं कमी होतात. "आता सुई आहे, मग गोळी कशाला?" म्हणून ती परस्पर बंद करणाऱ्या माझ्या माहितीत दोघी आहेत. आणि या गोळीबद्दल एक गोष्ट मी ठळक शाईत लिहीन. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. घरात आजी-आजोबांच्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती कधीही ठेवू नका.

पंधरवड्याचाही एक घोटाळा आहे. आपण बोलताना 'पंधरा दिवस' म्हणतो, पण डॉक्टरांना हवे असतात चौदा. वहिनींना औषधाच्या दुकानातल्या मुलानं सुरुवातीला सांगितलं होतं, "महिन्यातून दोन." महिन्यातून दोन म्हणजे वर्षाला २४, दोन आठवड्यांनी एक म्हणजे २६. त्यातून कुणी १ आणि १५ तारीख धरली की कधी चौदा दिवसांचं अंतर पडतं, कधी सतरा. एखाद्या दिवसानं आभाळ कोसळत नाही, पण घोळ इथूनच सुरू होतो. त्यापेक्षा वार धरावा, एकाआड एक शनिवार. तारखा विसरतात, वार विसरत नाही. आणि एखादी सुई चुकलीच तर आठवण होताच ती घ्यायची, पुढची ठरल्या दिवशीच. भरपाई म्हणून दोन एकदम मात्र घ्यायच्या नाहीत. जास्तच दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना फोन.

शेजारणीचं बघून आपली मात्रा ठरवू नये, हेही सांगायला हवं. हेच औषध सोरायसिसला देतात तेव्हा पहिल्यांदा ८० मिलिग्रॅम, आठवड्यानं ४०, आणि मग दर दोन आठवड्यांनी ४०. आतड्याच्या क्रोन्स आजारात तर सुरुवात १६० नं, दोन आठवड्यांनी ८०, मग ४०. तिथे माठ हळूहळू भरायची वाट न बघता आधीच भरून घेतात. लहान मुलांच्या सांधेदुखीत ते वजनावर ठरतं, तीस किलोच्या खाली मात्रा कमी. दुसरी अशीच औषधं आहेत, त्यांचा हिशेब आणखी निराळा: एटॅनरसेप्ट लवकर सरतं, म्हणून ५० मिलिग्रॅम दर आठवड्याला, इन्फ्लिक्सिमॅब दवाखान्यात शिरेतून, वजनावर. नावं सारखीच वाटतात, गल्लत करू नका. आणखी एक, सुईवरचा मिलिलिटरचा आकडा बघून घाबरू नका. एका कंपनीच्या सुईत ४० मिलिग्रॅम ०.८ मिलिलिटरमध्ये असतं, दुसरीच्या ०.४ मध्ये. पाणी कमी, औषध तेवढंच. पाहायचं ते मिलिग्रॅम.

आता साठवणीचं, कारण ते आपल्याच हातात असतं. आमचे मोठे दीर न्हावा-शेवाच्या बंदरात थंड कंटेनरांच्या यार्डात काम करतात. १९८९ साली बंदर सुरू झालं तेव्हापासून इथल्या किती घरांची भाकरी मिठागर आणि मासळीवरून कंटेनरांवर आली, तो वेगळा विषय. पण या यार्डात नाशिकची द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास राखतात, गोठवलेली मासळी उणे अठराला, आणि प्रत्येक कंटेनर विजेला जोडून त्याचं तापमान नोंदवून ठेवतात. हेच दीर घरी आले आणि बघतात तो वहिनींनी सुई बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलेली! "अगं, थंड म्हणजे जास्त थंड नव्हे," ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. या औषधाला २ ते ८ अंश लागतात. गोठलं की ते बाद, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. म्हणून फ्रिजच्या मधल्या फळीवर, मूळ खोक्यात, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवावं. दारातल्या कप्प्यात नको, तिथे दर उघडझाकीला ऊब लागते.

वीज जाणं हा आमच्या किनाऱ्यावरचा नेहमीचा प्रसंग. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडावर आलं तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी फ्रिज उघडायचाच नाही. वीज लवकर येत नाहीसं दिसलं तर सुई बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला प्रत्यक्ष न लागेल अशी, कापडात गुंडाळून. बाहेर किती दिवस चालेल हे कंपनीगणिक बदलतं. खोक्यातला कागद वाचावा. सुई नव्या मुंबईहून किंवा मुंबईहून आणायची तरी हेच. आता जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, उरणपर्यंत लोकल आहे, मोऱ्याची लाँच आहेच. पण उन्हात पिशवीत नुसती टाकून आणलेली सुई लवकर आली तरी काय उपयोग?

टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवली की कमी दुखते. गरम पाण्यात धरू नये, हलवू नये. पोटावर, बेंबीपासून चार बोटं लांब, किंवा मांडीच्या पुढच्या भागावर, आणि दर वेळी जागा बदलून. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत नको, सफाईवाल्या बाईच्या हाताला लागते. जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून साठवावी आणि दवाखान्यात द्यावी.

एक प्रसंग मात्र असा की सुई स्वतःहून थांबवायची: ताप, लांबलेला खोकला, पिकलेली जखम. हे औषध अंगातली राखण थोडी कमी करतं, म्हणून अशा वेळी आधी डॉक्टर, मग सुई. पहिली सुई घेण्याआधी क्षयाची तपासणी करतात तीही याचसाठी. आपल्या देशात दडून बसलेला क्षय अनेकांच्या अंगात असतो, आणि हे औषध त्याला मोकळं सोडू शकतं. छातीचा फोटो, रक्ताची किंवा कातडीवरची तपासणी, याला कंटाळा करू नये. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तरी आधी सांगावं, आणि मुलांच्या लशींसारखी जिवंत लस स्वतः घेण्यापूर्वी विचारावं.

डॉक्टरांकडे जाताना वहिनी वाटभर गप्प होत्या. बोलणी खावी लागतील असं त्यांना वाटत होतं. मीच सांगितलं त्यांना, की त्या महिन्यानं घेत होत्या आणि का घेत होत्या. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. मी समजत होतो औषध लागू पडत नाही. औषध बदलायच्या विचारात होतो." मग दुसऱ्या कंपनीची स्वस्त सुई लिहून दिली, आणि म्हणाले, आजार सहा-आठ महिने पूर्ण शांत राहिला तर अंतर वाढवून बघता येतं, काहींना ते जमतं, पण तपासण्या करत, सूज बघत, त्यांच्या देखरेखीखाली. वहिनी विचारायच्या आधीच करून बसल्या होत्या, आणि आजार पुरता शांत झालेला नसताना.

आता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर एकाआड एक शनिवारी लाल गोल असतो. फ्रिजमध्ये दिरांनी चाळीस-पन्नास रुपयांचा नव्हे, चांगला तापमापक आणून ठेवलाय, आणि येता-जाता तो बघतात. परवाच्या शनिवारी सुई मीच दिली. वहिनींनी तोंड फिरवून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं की सांग." सूज बरीच उतरली आहे. चपात्या लाटतात, वेणी स्वतः घालतात. उजव्या हाताची मधली दोन बोटं मात्र अजून पुरती मिटत नाहीत, आणि ती आता मिटतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत.